'नॉर्मल' कोणाचं?

समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कविता येते, कादंबरी येते, फार झालं तर नाटक. आज आम्ही ज्या कृतीची समीक्षा करणार आहोत ती तुम्ही सगळ्यांनी उघडलेली आहे, काहीजण तर रोज उघडता. पण ती कोणीतरी विचार करून रचलेली कृती आहे, हे आपल्या मनातही येत नाही. वर्ड सुरू केलं की कोरं पान येतं. ते पान कोरं नसतं. तुम्ही पहिलं अक्षर टाइप करण्याआधीच अक्षराचं वळण, आकार, दोन ओळींमधलं अंतर, परिच्छेदानंतरची जागा, शीर्षकाचा रंग, इतकंच काय, तुम्ही कोणत्या भाषेत लिहिणार आहात हेसुद्धा ठरलेलं असतं. अशा ठरलेल्या गोष्टींच्या संचाला 'स्टाइल' म्हणतात, आणि सगळ्यांच्या मुळाशी जी स्टाइल असते तिचं नाव 'नॉर्मल'. आजचं बोलणं या नॉर्मलबद्दल.

आम्ही म्हणजे मराठी पुस्तकं आणि प्रबंध छपाईसाठी तयार करणारी, मुद्रितं तपासणारी माणसं. त्यामुळे बोलण्यात थोडा कामगाराच्या तक्रारीचा सूर येईल. येऊ द्या.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. नॉर्मल तटस्थ नाही. ते रोमन लिपीतल्या कार्यालयीन पत्रासाठी, अहवालासाठी रचलेलं आहे, आणि देवनागरीला त्यात उरलेल्या जागेत बसवलेलं आहे. हा झाला सॉफ्टवेअरचा दोष. पण त्यावर आपण मराठी लिहिणाऱ्यांनी जो तोडगा काढला, म्हणजे स्टाइलला हातच लावायचा नाही, सगळं हातानं मोठं करायचं, ठळक करायचं, त्यानं आपलं त्याहून जास्त नुकसान केलं आहे.

थोडा इतिहास. स्टाइलची कल्पना मुळात फार चांगली होती, अजूनही आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात 'ब्राव्हो' नावाचा प्रोग्रॅम तयार झाला. तिथे काम केलेले चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ साली वर्ड आलं, ते स्टाइलशीट घेऊनच. कल्पना अशी, की लेखकानं 'हे शीर्षक आहे', 'हे अवतरण आहे' एवढंच सांगायचं. शीर्षक कसं दिसावं हे एका जागी ठरवलेलं असेल. आपल्याकडे समीक्षेत 'शैली' म्हणजे लेखकाची स्वतःची खूण, दुसऱ्या कोणाची नसलेली. इथे नेमकं उलट. इथली स्टाइल म्हणजे लेखकानं न ठरवलेली गोष्ट. एकाच शब्दाचा असा उलटा प्रवास गमतीदार आहे खरा, पण तूर्तास सोडून देऊ.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात हे काम छापखान्यात व्हायचं. लेखक फूलस्केप कागदावर हातानं लिहून द्यायचा, प्रकरणाच्या नावाखाली एक रेघ मारायचा, आणि कंपोझिटर ठरवायचा की इथे अमुक पॉइंटचा ठसा, तिथे एवढी जागा. त्याच्या हाताला मराठी पानाची सवय होती. वर्ड प्रोसेसर आला तेव्हा तो कंपोझिटर यंत्राच्या आत जाऊन बसला. त्यालाच आम्ही नॉर्मल म्हणतो. इंग्रजीपुरता तो बरा कारागीर आहे. मराठी पान मात्र त्यानं कधी पाहिलेलंच नाही.

आता कृतीकडे वळू. बरीच वर्षं वर्डचं ठरलेलं अक्षर होतं टाइम्स न्यू रोमन. लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकासाठी स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली तयार झालेला आणि १९३२ साली वापरात आलेला हा ठसा. वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभात जास्त मजकूर बसावा म्हणून तो आखूडसर. आणि जगभरचे प्रबंध त्यात टाइप होत राहिले, ते तो प्रबंधाला शोभतो म्हणून नव्हे, तर तो आधीच निवडलेला होता म्हणून. २००७ च्या आवृत्तीत त्याच्या जागी लुकास द ग्रोट यांचं कॅलिब्री आलं. २०२३ पासून ॲप्टॉस.

ही निवड किती अदृश्य असते याचं एक उदाहरण पाकिस्तानातलं आहे. २०१७ साली पनामा पेपर्स प्रकरणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या तपास पथकापुढे नवाझ शरीफ यांच्या कुटुंबाकडून काही कागद आले. त्यांवर तारीख फेब्रुवारी २००६ ची, आणि अक्षर कॅलिब्री, जे सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती २००७ साली पडलं. चाचणीच्या आवृत्त्यांमध्ये ते आधीही होतं, असा प्रतिवाद झाला. त्या खटल्यात आम्हाला शिरायचं नाही. आमचा मुद्दा इतकाच, की न निवडलेलं अक्षरसुद्धा कागदावर बोलत असतं.

मग मराठीच्या वाट्याला कोणतं अक्षर आलं? वर्डची फाइल म्हणजे प्रत्यक्षात गुंडाळलेल्या अनेक छोट्या फायलींचं गाठोडं असतं. ते सोडलं तर आत 'थीम' नावाची एक फाइल सापडते, आणि तिच्यात लिपीनुसार अक्षरांची यादी. कोणालाही उघडून पाहता येते, पाहाच एकदा. २००७ च्या थीममध्ये रोमन लिपीला शीर्षकासाठी कॅम्ब्रिया, मजकुरासाठी कॅलिब्री, अशी जोडी. थाई लिपीलाही दोन वेगळी नावं. अरबीला दोन. देवनागरीच्या ओळीत शीर्षकासाठी मंगल, आणि मजकुरासाठी? मंगलच. मराठी, हिंदी, नेपाळी, कोंकणी, संस्कृत, सगळ्यांना मिळून एक ओळ आणि एक ठसा.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मंगल हे र. कृ. जोशी यांचं काम आहे. सुलेखनकार, कवी, मुंबईच्या आयआयटीत शिकवलेला मोठा माणूस. विंडोज २००० बरोबर मंगल आलं आणि पडद्यावर, मेनूत, छोट्या आकारात देवनागरी नीट वाचता येऊ लागली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. आमची तक्रार मंगलबद्दल नाही. पडद्यावरच्या मेनूत शोभणारं अक्षर तीनशे पानी पुस्तकाचा मजकूर म्हणून नेमणाऱ्याबद्दल आहे. पुढे विंडोज ७ मध्ये कोकिळा, अपराजिता, उत्साह ही छपाईला जास्त जवळची अक्षरं आली. थीमची ती ओळ मात्र हलली नाही. त्याहून मजा म्हणजे विंडोज १० पासून मंगल हे 'पूरक' अक्षरांत गेलं. देवनागरी भाषा जोडलेली नसेल तर ते त्या यंत्रावर असतंच असं नाही. म्हणजे नॉर्मल ज्याचं नाव सांगतं तो माणूस घरी नाही, आणि दार भलताच कोणीतरी उघडतो.

गूगल डॉक्समध्ये तर वरच्या पट्टीत एरियल ११ असं दिसतं. एरियलमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. तुम्ही मराठी टाइप करता तेव्हा अक्षर दुसरीकडून येतं आणि नाव एरियलचं लागतं.

आता मूळ दुखणं. वर्डमधली प्रत्येक स्टाइल आतून दुभंगलेली असते. एक अर्धा रोमन लिपीसाठी, दुसरा अर्धा 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणजे अरबी, हिब्रू, देवनागरी वगैरेंसाठी. अक्षर वेगळं, आकार वेगळा, ठळकपणासुद्धा वेगळा नोंदलेला. फॉन्टच्या चौकटीत हा दुसरा भाग खाली दिसतो, आणि तोही तशी भाषा यंत्रात जोडलेली असेल तरच. त्यामुळे होतं काय, की लेखक नॉर्मल बदलायला जातो, आकार १४ करतो, नि त्याच्या मजकुरातले इंग्रजी शब्द तेवढे मोठे होतात. मराठी होती तिथेच. तो वैतागतो, सगळं निवडतो आणि वरच्या पट्टीतून हातानं बदलून टाकतो. त्या क्षणी स्टाइल मेली. लिब्रेऑफिसमध्ये हेच दोन भाग स्वतंत्रपणे, नाव लावून समोर ठेवलेले असतात. ते दिसायला ओबडधोबड आहे, पण प्रामाणिक आहे. आम्हाला ते जास्त बरं वाटतं.

आणि ही हातानं बदलायची सवय काही आजची नाही. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव यांच्या काळात ती लागली. त्या अक्षरांत लिहिलेलं मराठी हे वर्डच्या लेखी इंग्रजीच होतं. 'क' दिसायचा, पण खाली रोमन अक्षर किंवा चिन्ह असायचं. त्यामुळे नॉर्मलचा रोमन अर्धा त्याला लागू पडायचा आणि फॉन्ट बदलला की सगळं बदलायचं. फक्त एक भानगड: वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करायची वर्डची खोड. त्या फॉन्टांमध्ये लहान आणि मोठ्या कळीवर वेगवेगळी मराठी अक्षरं असायची, त्यामुळे वाक्याचं पहिलं अक्षर भलतंच व्हायचं. डीटीपीवाल्यांनी पहिला धडा शिकला तो ही सोय बंद करण्याचा. ठरलेल्या गोष्टी म्हणजे त्रास, त्या बंद करायच्या, सगळं आपण हातानं करायचं, हे शिक्षण तिथलं. युनिकोड आलं, मजकूर खऱ्या अर्थानं मराठी झाला, पण हाताला लागलेलं वळण गेलं नाही.

ओळींचं घ्या. 'सिंगल' अंतर म्हणजे ठराविक अंतर, अशी आपली समजूत असते. तसं नाही. ते त्या अक्षराच्या स्वतःच्या उंची-खोलीवर ठरतं. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. मंगलची ओळ त्यामुळे कॅलिब्रीच्या ओळीपेक्षा उंच. इंग्रजी संदर्भांच्या यादीत मध्येच एक मराठी शब्द आला की तेवढीच ओळ खाली सरकते, पान उचक्या दिल्यासारखं दिसतं. यावर अंतर 'एक्झॅक्टली' म्हणून पॉइंटांत बांधून टाकणं हा उपाय. पण कमी बांधलं तर वरच्या मात्रा कापल्या जातात. परिच्छेदाचंही तसंच. नॉर्मल परिच्छेदानंतर जागा सोडतं आणि पहिली ओळ आत घेत नाही. ही पत्राची रीत झाली. मराठी पुस्तकात पहिली ओळ आत असते आणि परिच्छेदांमध्ये मोकळी पट्टी नसते. म्हणून लेखक काय करतो? स्पेसबार पाच वेळा दाबतो. आमच्या आयुष्याचा बराच काळ हे स्पेस काढण्यात गेला आहे.

भर देण्याच्या स्टाइली पाहिल्या तर ही कृती कुठल्या भाषेत विचार करते ते उघडच होतं. तीन एम्फसिस आहेत: सौम्य, साधा, तीव्र. दोन कोट आहेत. पाचही तिरप्या अक्षरावर उभे. दोन रेफरन्स आहेत, ते लहान आकाराच्या कॅपिटलवर. देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणजे ते दोन जवळजवळ निकामी. तिरप्याचं म्हणाल, तर मंगलला स्वतःचं तिरपं वळण नाही. वर्ड उभ्या अक्षराला बाजूला ढकलतं. रोमन लिपीतलं इटॅलिक हे वेगळ्या हाताचं वळण होतं, त्याला इतिहास आहे. आपली ढकललेली अक्षरं म्हणजे शिरोरेषेला टांगलेले कपडे वाऱ्यावर कलावेत तशी. मराठी छपाईत तिरपा ठसा कधी वापरलाच नाही असं आम्ही म्हणत नाही. पण पुस्तकाच्या नावाला आपण एकेरी अवतरणचिन्ह देतो, लांब अवतरण दोन्हीकडून आत घेऊन बारीक करतो. आणि भर द्यायचा तर भाषेकडे 'च' आहे. 'तोच', 'आजच', 'केलंच पाहिजे'. जिथे इंग्रजी लेखक शब्द तिरपा करतो तिथे मराठी लेखक एक अक्षर जोडून मोकळा होतो. सौम्य एम्फसिस हवाय कोणाला? अधोरेखनही असंच, 'कु' आणि 'कू' मधला फरक रेघेखाली जातो.

क्रमांकांची गोष्ट तर आमची आवडती आहे. वर्डमध्ये यादीला देवनागरी अंक देता येतात, हिंदी स्वर देता येतात, हिंदी व्यंजनं देता येतात. म्हणजे अ, आ, इ, ई. किंवा क, ख, ग, घ. मराठी माणूस यादी कशी करतो? अ, ब, क, ड. सरकारी कर्मचाऱ्यांचे गट बघा, शाळेच्या तुकड्या बघा. ही इंग्रजीच्या वळणावरून आलेली पण अस्सल मराठी झालेली रीत, ना स्वरांच्या यादीत बसते ना व्यंजनांच्या. देवनागरी म्हणजे हिंदी, एवढंच गृहीत धरलेलं.

आणि इथून भाषेच्या नोंदीकडे येतो, कारण स्टाइलमध्ये भाषाही नोंदलेली असते. बऱ्याच यंत्रांवर देवनागरी मजकुराची भाषा हिंदी अशी नोंदते. तुम्ही निर्दोष मराठी लिहिता आणि खाली लाल नागमोडी रेघा येत राहतात. माणसं त्या रेघांकडे दुर्लक्ष करायला शिकतात, मग खऱ्या चुकांकडेही. पण एवढ्यावर थांबत नाही. महाराष्ट्र शासनानं २००९ साली मराठी वर्णमालेबद्दल निर्णय काढला, त्यात 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं प्रमाण मानली. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या काही अक्षरसंचांत हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं असतात, आणि कोणतं दाखवायचं हे मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरतं, जिथे सॉफ्टवेअर ती नोंद वाचतं तिथे. लिब्रेऑफिसमध्ये भाषा हिंदीची मराठी केली की तुमच्या समोर 'ल' बदलतो. 'आजकाल मुलं हिंदी ल काढतात' म्हणून चिडणाऱ्या किती जणांनी आपल्या फाइलची भाषा काय आहे ते पाहिलंय?

आता आपल्या बाजूचा दोष. मध्यंतरी आमच्याकडे एक प्रबंध आला, साडेचारशे पानांचा. विद्यापीठाच्या सूचनापत्रात मराठी प्रबंधासाठीही टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट, असं छापलेलं, ते इंग्रजीच्या पत्रकातून तसंच उचललेलं. विद्यार्थिनीनं बिचारीनं प्रत्येक उपशीर्षक हातानं ठळक केलेलं, अनुक्रमणिका हातानं टाइप केलेली, पुढे टिंबं देऊन. मार्गदर्शकांनी दुसऱ्या प्रकरणात सहा पानं वाढवायला सांगितली. पुढचे सगळे पृष्ठक्रमांक चुकले, आणि सादर करायच्या आदल्या रात्री ती ते एकेक करून दुरुस्त करत बसली होती. शीर्षकांना 'हेडिंग' ही स्टाइल असती तर अनुक्रमणिका एका आज्ञेत नवी झाली असती.

हा झाला वेळेचा तोटा. वाचकाचा तोटा जास्त गंभीर आहे. अंध वाचक स्क्रीन रीडरनं वाचतो. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर घ्या. त्यात ब्राउझ मोडमध्ये एच ही कळ दाबली की वाचक पुढच्या शीर्षकावर जातो. पण शीर्षक म्हणून नोंदलेलं असेल तर. नुसतं ठळक, मोठं केलेलं वाक्य त्याच्यासाठी इतर वाक्यांसारखंच वाक्य. साडेचारशे पानं, आणि आत शिरायला एकही दार नाही. त्या विद्यार्थिनीनं डोळस परीक्षकासाठी खपून दारं रंगवली होती, उघडणारं एकही नव्हतं. तिला दोष देता येत नाही, कारण तिनं हेडिंग वन एकदा लावून पाहिलं होतं: निळं झालं, भलत्या आकाराचं झालं, तिनं घाबरून परत फिरवलं. नॉर्मलचा परकेपणा आणि आपली हातचलाखी एकमेकांना कशी पोसतात ते इथे दिसतं.

मघाशी चिठ्ठीतून विचारलंय, 'मग आम्ही करायचं काय?' एक तास द्या. कोरी फाइल घ्या. नॉर्मल उघडा, फॉन्टच्या चौकटीत जाऊन खालच्या, कॉम्प्लेक्सच्या भागात देवनागरी अक्षर आणि आकार ठरवा, वरच्या भागात त्याला शोभेल असं रोमन. भाषा मराठी करा. ओळींचं अंतर पॉइंटांत बांधा, परिच्छेदानंतरची जागा शून्य, पहिली ओळ आत. मग हेडिंग वन, टू, थ्री: काळी, ठळक, तुम्हाला हव्या आकाराची, दोन्ही भागांत. अवतरणाची स्टाइल सरळ उभी, दोन्हीकडून आत. आणि ही फाइल टेम्पलेट म्हणून जतन करा. विद्यापीठं, साहित्य संस्था, दिवाळी अंकांचे संपादक यांना आमचं सांगणं आहे, की 'अमुक फॉन्ट, अमुक पॉइंट' असं सूचनापत्र पाठवण्यापेक्षा ही तयार फाइल पाठवा. लेखकानं तुमचं पत्रक वाचून राबावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरी चिठ्ठी आहे: 'अ, ब, क, ड आपोआप येईल असं करता येतं का?' नाही. वर्डमध्ये अक्षरांचा आपला क्रम देता येत नाही. ते अजून हातानंच टाइप करायचं.